फ्लेरियेचं चिनी ड्युप्लेक्स घड्याळ: घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर कसं ठेवायचं

स्वित्झर्लंडच्या न्युशातेल भागात फ्लेरिये नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात इथे खिशातली घड्याळं खास चीनच्या गिऱ्हाइकासाठी बनत. त्यांतलीच एक जात चिनी ड्युप्लेक्स. ड्युप्लेक्स हा एस्केपमेंटचा, म्हणजे स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या यंत्रणेचा, एक प्रकार. एदुआर बोव्हे १८१८ मध्ये चीनमधल्या कँटनला (आजचं ग्वांगझू) पोचला, १८२२ मध्ये त्याने भावांबरोबर लंडनमध्ये पेढी काढली आणि पुढे वोशे, जुव्हे, दिमिए अशा घराण्यांनी तोच धंदा धरला. लंडनच्या विल्यम इल्बरीची सही असलेली घड्याळंही याच जातीची; नाव लंडनचं, काम बरंचसं स्विस हातांचं. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन सोडून दुसरं बंदर खुलं नव्हतं. मुंबईच्या पारशी पेढ्यांचा कापूस आणि अफूही त्याच बाजारात जात होती.

ही घड्याळं आज जिनिव्हा आणि हाँगकाँगच्या लिलावांत नियमित दिसतात, आणि खासगी विक्रेत्यांकडेही असतात. विकणारा पहिल्यांदा मागचं झाकण पुढे करतो, कारण मीनाकारी आणि मोत्यांची कड बघून माणूस तिथेच पघळतो. भाव मीनाकारीवर ठरतो हे खरंच. पण घड्याळ जिवंत आहे की नुसतं झाकण सुंदर आहे, हे कळतं सेकंद काट्यावरून. म्हणून तपासणी तिथून सुरू करा.

सोबत काय न्यायचं

दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल, नायट्राइलचे हातमोजे आणि काठ असलेला ट्रे. ट्रेमध्ये चार पदरी मऊ कापड अंथरा आणि घड्याळ त्याच्यावरच हाताळा. टेबलावर उघड्या हवेत कधीच नको. चाव्यांचा संच जवळ असावा. बहुतेक घड्याळांत चावी जिथे बसते ते चौकोन साधारण १ ते २ मिलिमीटरच्या आत बसतात, पण विक्रेत्याने दिलेली चावी सैल असेल तर ती वापरू नका. सैल चावी चौकोनाचे कोपरे खाते, आणि गोल झालेला चौकोन दुरुस्त करायला सगळी यंत्रणा उघडावी लागते.

आधी सेकंद काटा

चावी दोन-तीन वळसेच द्या. फिरवताना अडलं तर उलट दिशेने बघा, जोर लावू नका. पूर्ण चावी भरायला सांगणाऱ्या विक्रेत्याला हसून नकार द्या. स्प्रिंग जुनी असेल तर ती तुमच्या हातात तुटेल आणि बिल तुमच्या नावावर फाटेल.

चावी दिल्यावर घड्याळ लगेच चालू झालं नाही तर घाबरू नका. ड्युप्लेक्स स्वतःहून सुरू होत नाही. घड्याळ आडवं धरून मनगटाने पाव वळसा झटका द्या, बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे डोलून वेळ मोजणारं चाक, डोलू लागेल. काट्याला बोट लावून सुरू करणं हा मात्र गुन्हा समजा. हीच जात अचानक धक्का बसला की थांबतेही, कारण इथे बॅलन्सला ढकलणारा ठोका एकाच दिशेने मिळतो. नेमक्या चुकीच्या क्षणी मनगट फिरलं तर तो ठोकाच हुकतो. तेव्हा चालता चालता एकदा थांबलं हा दोष नाही. स्थिर ठेवलेलं असताना थांबलं तर दोष आहे.

आता काटा बघा. या घड्याळाचा लांब निळा सेकंद काटा डायलच्या मध्यातून निघतो आणि सेकंदाला एकदाच उडी मारतो. चिनी गिऱ्हाइकाला हीच गंमत आवडायची. हे कसं घडतं ते समजलं की तपासणी सोपी होते. बॅलन्स सेकंदाला चार अर्धफेऱ्या करतो, म्हणजे दोन पूर्ण आंदोलनं. साध्या ड्युप्लेक्समध्ये प्रत्येक आंदोलनाला एस्केपमेंटच्या चक्राचा एक दाता सुटतो, त्यामुळे काटा सेकंदाला दोनदा सरकतो. फ्लेरियेच्या चक्राचे लांब दाते मात्र टोकाला दुभंगलेले असतात. बॅलन्सच्या दांड्यावर माणकाची एक बारीक नळी आहे आणि तिला उभी खाच आहे. पहिल्या आंदोलनाला दात्याचं पहिलं टोक खाचेतून निसटतं आणि दुसरं टोक नळीला टेकतं. चक्र केसभर हलतं, बॅलन्सला ढकल मिळत नाही. दुसऱ्या आंदोलनाला दुसरं टोकही निसटतं, तेव्हा चक्राचा उभा दाता बॅलन्सच्या बोटाला मारतो आणि काटा पूर्ण सेकंद पुढे जातो.

म्हणून मोबाइल २४० फ्रेम्सवर लावून काट्याचं टोक अर्धा मिनिट चित्रित करा आणि सावकाश बघा. निरोगी चिनी ड्युप्लेक्समध्ये एक मोठी उडी, अर्ध्या सेकंदाने काट्याची एक बारीकशी थरथर, मग पुन्हा उडी असा क्रम दिसतो. नुसत्या डोळ्याला ती थरथर जवळपास जाणवत नाही; चित्रणात स्पष्ट दिसते. नकलाकाराला ही थरथर आणता येत नाही, निदान स्वस्तात नाही.

काय दिसलं तर काय समजायचं:

काटा सेकंदाला दोन उड्या मारत असेल तर ते साधं ड्युप्लेक्स आहे, किंवा कोणीतरी दुभंगलेलं चक्र काढून साधं बसवलं आहे. यंत्राचा क्रमांक, घडण आणि कोरीवकाम चिनी ड्युप्लेक्सचं असून उड्या दोन असतील तर दुसरी शक्यता जास्त.

काटा बारीक बारीक पावलांनी सरकत असेल तर आत सिलिंडर किंवा लिव्हर एस्केपमेंट आहे. चीनच्या बाजारात तीही गेली, पण ड्युप्लेक्स म्हणून विकत असतील तर निघा.

सेकंदाला नेमकी एक उडी, पण थरथर अजिबात नाही? यंत्रात सेकंद काट्यासाठी स्वतंत्र चक्रमाळ असू शकते. त्या घड्याळात सहसा चावीचे दोन चौकोन आणि काटा थांबवायची सरक असते. ती वेगळी आणि अनेकदा महाग जात आहे.

मध्येच काटा दोन-तीन सेकंद धावला तर दाता खाच न सापडता निसटतो आहे. कारण बहुधा माणकाची नळी कपची उडालेली, किंवा दात्याची टोकं झिजलेली. धाव ठरावीक अंतराने येते का ते मोजा. एका सेकंदाला एक दाता सुटतो, म्हणून चक्राला १५ दाते असतील आणि गडबड दर १५ सेकंदांनी येत असेल तर एकच दाता वाकलेला आहे. कधीही, कुठेही येत असेल तर नळी किंवा दांड्याची टोकं संशयित. हा फरक पैशाचा आहे. एक वाकलेला दाता चांगला घड्याळजी सरळ करू शकतो. माणकाची नळी नवीन बनवून लाखेने बसवणं हे फार थोड्या लोकांचं काम आहे, आणि चक्र पुन्हा कापणं त्याहून थोड्यांचं.

पूर्ण चावी भरल्यावरच घड्याळ धावतं आणि अर्धी उतरली की बरं चालतं, असं विक्रेता सांगत असेल तर कोणीतरी जास्त ताकदीची मेन स्प्रिंग घातलेली आहे. बॅलन्सचा डोल मर्यादेपलीकडे गेला की खाच एका फेरीत दोनदा दात्यासमोर येते. स्प्रिंग बदलून घेता येते, पण ती किती वर्षं अशी मारा करत होती हे दात्यांच्या टोकांवर भिंगाने बघून घ्या.

टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून दाखवतो म्हणाला तर त्या आकड्यांवरून भांडू नका. चारपैकी एकाच ठोक्याला ढकल असल्याने आवाज असमान येतो आणि यंत्र विखुरलेल्या रेषा काढतं. दिवसाला दोन-चार मिनिटांचा फरक या घड्याळात चालतो.

यंत्र आणि पेटी (बाहेरचं कवच) एकमेकांचे आहेत का

मागचं झाकण उघडताना कडीखालची कळ दाबा. बंद करताना कळ दाबून धरा, झाकण बसवा, मग सोडा. टक्कन बंद करण्याच्या सवयीने झाकणाची ओठी झिजते आणि मग ते कायमचं अर्धवट उघडं राहतं. नखाने उचकटू नका. मीना असलेलं झाकण जराही वाकलं तर तडा जातो.

आत काचेचं किंवा धातूचं दुसरं झाकण असतं. काच असेल तर खालची यंत्रणा दाखवण्यासाठीच ती आहे. फ्लेरियेच्या चांगल्या यंत्रावर वेगवेगळे पूल, म्हणजे चाकं वरून धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, असतात, ही लेपीन घडण, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पुलांवर वेलबुट्टी कोरलेली असते. भिंगाने एका पुलावरची वेल शेजारच्या पुलावर कशी जाते ते बघा. एखाद्या पुलावर वेल मध्येच तुटत असेल, रंग वेगळा पिवळा असेल किंवा कोरीव रेषा खोल आणि धारदार असतील, तर तो पूल नंतरचा.

चौकोन आतल्या झाकणाच्या भोकाच्या बरोबर मध्ये आला पाहिजे. जरा बाजूला सरकलेला असेल, किंवा भोक कानसून मोठं केल्याचं दिसत असेल, तर यंत्र एका घड्याळाचं आणि पेटी दुसऱ्याची. आम्ही याला कागदपत्रांपेक्षा जास्त मान देतो. पेटीच्या आतल्या कडेला यंत्र धरणाऱ्या स्क्रूंच्या खुणा बघा: जुळणाऱ्या खुणांखेरीज आणखी जोडी दिसली की तीच गोष्ट. क्रमांक असतील तर झाकण, आतलं झाकण आणि यंत्र तिन्हीवरचे टिपा.

सहीबद्दल एवढंच. बोव्हेच्या घड्याळांवर चिनी अक्षरांत 'बो-वेई' असं लिहिलेलं आढळतं, आणि काहींवर रोमन लिपीत तेच नाव उलटं, 'तेव्होब' असं. सही नसलेली घड्याळंही भरपूर आहेत आणि त्यांच्यात वाईट काही नाही. उलट इल्बरीची सही भाव वाढवते, म्हणून ती नंतर कोरलेली नाही ना हे बघा: जुन्या कोरीव रेषांच्या तळाशी मुलाम्याचा रंग असतो, नव्या रेषांच्या तळाशी उघडं पितळ चमकतं.

कडीच्या टोकाला चावीऐवजी फिरवायचा क्राउन असेल तर १८३०-४० च्या सुमाराचं म्हणून विकलं जाणारं घड्याळ तिथेच संपलं.

मीना

इथे वेळ घ्या. चांगल्या झाकणावर जिनिव्हाच्या चित्रकारांचं काम असतं: धातूच्या पत्र्यावर मीना, त्यावर रंग, प्रत्येक थर साधारण ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजलेला, आणि शेवटी वरून पारदर्शक काचेचा थर. फुलं, कबुतरं, सरोवरं, युरोपीय स्त्रिया आणि मुलं हे नेहमीचे विषय. हा मीना ऊन-पाण्याने फिका पडत नाही. त्यामुळे फिका पडलेला भाग दिसला तर तो नंतर रंगवलेला.

पहिलं, दिवा बाजूने तिरपा धरा आणि झाकण सावकाश फिरवा. पृष्ठभागाने प्रकाश काचेसारखा सलग परतवला पाहिजे. एखाद्या भागात चकाकी मंद होते किंवा पृष्ठभाग किंचित फुगतो, तिथे राळेची दुरुस्ती आहे. दुसरं, खोली अंधारी करून यूव्ही टॉर्च लावा. राळ आणि आधुनिक वार्निश बहुतेक वेळा फिकट निळसर किंवा हिरवट उजळतं आणि दुरुस्तीची कड नकाशासारखी दिसते. जुन्या मीन्याचे काही रंग स्वतःही थोडे उजळतात, म्हणून उजळणं नव्हे तर चित्राशी संबंध नसलेली कड शोधा. तिसरं, भिंग मोत्यांच्या कडेला न्या. झाकणाला धक्का बसतो तो कडेलाच, आणि दुरुस्ती लपवायलाही तीच जागा बरी पडते. खऱ्या मीन्याची कपची उडाली की कड शिंपल्यासारखी वक्र, धारदार दिसते. राळेची कड गोलसर आणि मऊ.

फुलाच्या पाकळीवर भिंग ठेवून ठिपके शोधा. ठिपक्यांची जाळी म्हणजे छापलेलं चित्र. हाताच्या कामात कुंचल्याचे बारीक फटकारे आणि पुसट होत जाणाऱ्या कडा दिसतात. गरम सुई टोचणं किंवा ॲसिटोन लावून बघणं हे उपाय कोणी सुचवले तर करू नका. दुरुस्ती सापडेल, पण जागाही खराब होईल, आणि वस्तू अजून तुमची नाही.

केसासारखे तडे भावावर परिणाम करतात, पण ते उघड दिसत असतील तर निदान लपवलेले नाहीत. आम्ही एक उघडा तडा असलेलं झाकण, संपूर्ण वरून रंगवून 'निर्दोष' केलेल्या झाकणापेक्षा पसंत करू.

मोती

कडेला अर्धे कापलेले मोती ओळीने बसवलेले असतात. खऱ्या ओळीत आकार आणि छटा किंचित कमी-जास्त असतात. सगळे एकसारखे पांढरे असतील तर काच किंवा प्लॅस्टिक समजा. प्रत्येक मोत्याजवळ धातूचे उचललेले बारीक कण पकडीसारखे असायला हवेत. मोत्याच्या बुडाशी पिवळसर डिंकाची कड दिसली की तो नंतर चिकटवलेला. दोन-चार बदललेले मोती सामान्य आहेत, किंमत थोडी कमी करून घ्या. अर्धी ओळ बदललेली असेल तर गोष्ट वेगळी.

जोडीचा मामला

चीनमध्ये भेट जोडीने द्यायची रीत, म्हणून बऱ्याच घड्याळांच्या जोड्या बनल्या. जोडीची किंमत दोन सुट्या घड्याळांच्या बेरजेपेक्षा जास्त असते, आणि म्हणूनच सुट्या घड्याळांच्या जोड्या लावल्या जातात. खऱ्या जोडीत चित्रं आरशातल्यासारखी उलट असतात: एकातली स्त्री डावीकडे बघते, दुसरीतली उजवीकडे. दोन्हीवर तेच चित्र त्याच दिशेने असेल तर ती एकाच कारखान्याची दोन घड्याळं आहेत, जोडी नाही. कॅलिपरने दोन्ही पेट्यांचा व्यास आणि जाडी मोजा, यंत्रांचे क्रमांक जवळचे आहेत का बघा, आणि दोन्ही डायलवरचे अंक एकाच हाताचे वाटतात का ते भिंगाने जुळवा.

नवशिक्याने काय घ्यावं

मीना नसलेलं, साध्या चांदीच्या पेटीचं, कोरीव यंत्राचं चिनी ड्युप्लेक्स. अशी घड्याळं मोठ्या संख्येने बनली, लपवाछपवी कमी, आणि यंत्रणा तीच. डायलवर एखादा केसाएवढा तडा सोडून द्या. एस्केपमेंट मात्र निरोगीच हवं.

घरी आल्यावर

घड्याळ रोज चालवू नका. चालवायचंच असेल तर चार-पाच वर्षांनी जाणकार घड्याळजीकडून साफसफाई करून घ्या, आणि त्याला दोन गोष्टी आधी सांगा. माणकाची नळी लाखेने बसवलेली असू शकते, त्यामुळे बॅलन्स स्पिरिटमध्ये बुडवू नये, लाख विरघळते. आणि नळीला तेल अगदी पुसट, कारण दाता तिच्यावर सतत टेकून घासतो आणि जास्त तेलात धूळ अडकली की ती दात्यालाच खाते.

पेटी अल्ट्रासॉनिकमध्ये घालू नका, चांदी उजळायचं डिपही नको. त्यातलं आम्ल मोती खातं, आणि थरथराटाने मीन्याचे सुटे कण निघतात. चांदी काळी पडली तर कोरड्या मऊ कापडाने, मोत्यांपासून दूर.

मुंबई-कोकणात जूनपासून आर्द्रता नव्वदच्या घरात जाते. निळे काटे आणि स्टीलचा बॅलन्स गंजतात, एकदा पडलेला डाग निळाईसकट जातो. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. फार कोरडं केलंत तर मोत्यांना तडे जातात. डब्यात रबर किंवा लोकरी कापड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. घड्याळ डायल वर ठेवून मीन्यावर टेकवू नका, त्याच्या मापाची फोमची कडी करून घ्या.

कायदा आणि प्रवास

भारतात १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि अशी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. बाहेरून आणलेलं घड्याळही एकदा आत आलं की याच नियमात सापडू शकतं. म्हणून मोठी दुरुस्ती राहिलेली असेल तर ती आणण्याआधी स्वित्झर्लंडमध्ये किंवा जिथे विकत घेता तिथेच करून घ्या. नंतर पाठवू म्हणालात तर अडकाल. कस्टमला घोषित करा. बिलात पेटीचा आणि यंत्राचा क्रमांक, अंदाजे काळ आणि दुरुस्त्या लिहून घ्या, फोटो बिलासोबतच ठेवा.

पाठवण्याआधी घड्याळाची चावी पूर्ण उतरू द्या. स्प्रिंग ताणलेली असताना डबा आपटला तर काटा धावतो, आणि प्रत्येक धावेला दात्यांची टोकं माणकावर आपटतात. बॅलन्सखाली कागदाची पट्टी घालून तो अडवण्याचं काम घड्याळजीवर सोडा. तुम्ही फक्त डायल वर करून, मीन्याला काहीही टेकणार नाही अशा खाचेत घड्याळ बसवा आणि तो डबा दुसऱ्या, चारी बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर भरण असलेल्या डब्यात ठेवा.